गाभाऱ्याचे दार रुंद करण्याआधी

नमस्कार. तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या महाल भागातले भोसलेकालीन लक्ष्मीनारायणाचे देऊळ. गाभारा दगडी, त्यावर विटा-चुन्याचे शिखर, पुढे लाकडी खांबांचा सभामंडप, तोंड पश्चिमेला. गाभारा आतून १० फूट चौरस, बाहेरून साधारण १९ फूट. दार अडीच फूट रुंद आणि ५ फूट उंच. मूर्ती काळ्या पाषाणाची, जेमतेम ३ फुटांची, खाली दीड फुटाचे पीठ. एकादशीला आणि कार्तिकात काकडआरतीला गर्दी होते, मागच्यांना देव दिसत नाही. म्हणून दार ४ फूट रुंद करायचे, गाभाऱ्यात एसी लावायचा, मंडपात ग्रॅनाइट घालायचे आणि शिखराला ऑइलपेंट द्यायचा, असा ठराव विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत येतो आहे. शिवाय एका वास्तुसल्लागाराने पश्चिमेकडे तोंड असलेल्या देवळात दोष असतो असे सांगून ठेवले आहे. तुम्ही विचारता की देवळाच्या कोणत्या भागाला शास्त्रात अर्थ आहे आणि कोणता भाग निर्धास्तपणे बदलता येतो.

प्रश्न असा विचारला की उत्तर यादीच्या रूपात येते. कळस म्हणजे हे, कासव म्हणजे ते, कीर्तिमुख म्हणजे अमुक. अशी यादी कुठेही मिळेल आणि ती हातात घेऊनही तुमचा निर्णय होणार नाही. विदर्भातल्या जुन्या देवळांच्या दुरुस्तीची कामे करताना माझे मत असे झाले आहे की देवळाचा बराचसा अर्थ एका भागाच्या दुसऱ्या भागाशी असलेल्या नात्यात असतो. दार केवढे, त्यामागची खोली केवढी, भिंत किती जाड, मूर्तीची नजर कुठे पडते, बाहेरचा उजेड कुठे संपतो. नक्षीची एखादी पट्टी झिजली तरी देऊळ उभे राहते, अर्थासकट. दार दीड फुटाने वाढले की ही सगळी नाती एकदम तुटतात. आणि तुमची खरी तक्रार ‘देव दिसत नाही’ एवढीच आहे. ती दाराला हात न लावता सुटेल असे मला वाटते.

आधी मापे पाहू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत देवळाची मापे अगदी थोडक्यात दिली आहेत. देवळाच्या रुंदीच्या निम्मा गाभारा. गाभाऱ्याच्या चौथ्या हिश्शाएवढी दाराची रुंदी, आणि रुंदीच्या दुप्पट उंची. दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा केला की उरते ती पीठासह मूर्तीची उंची. तिचे तीन भाग करायचे, दोन मूर्तीचे आणि एक पीठाचा.

आता तुमचे आकडे त्यात घाला. १९ चे निम्मे साडेनऊ, तुमचा गाभारा १०. त्याचा चौथा हिस्सा अडीच, तुमचे दार अडीच. त्याची दुप्पट ५, तुमचे दार ५ फूट उंच. ५ फुटांतून आठवा भाग म्हणजे साडेसात इंच गेले की उरतात ४ फूट साडेचार इंच. त्यातले दोन भाग २ फूट ११ इंच, एक भाग साडेसतरा इंच. तुम्ही लिहिले आहे, मूर्ती जेमतेम ३ फूट आणि पीठ दीड फूट.

भोसल्यांच्या कारागिरांनी तो ग्रंथ पुढ्यात ठेवून देऊळ बांधले असे मी म्हणत नाही. मधल्या हजार-बाराशे वर्षांत कितीतरी ग्रंथ झाले, प्रांताप्रांतांच्या रीती झाल्या, आणि प्रत्येक देवळात आकडे इतके जुळतही नाहीत. पाथरवटांच्या घराण्यांत ही मापे तोंडी चालत आली. पण तुमच्या देवळात मूर्तीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सगळी मापे एकमेकांतून निघालेली दिसतात. ज्या कोणी बांधले त्याला नेमके काय करायचे आहे हे ठाऊक होते. ४ फुटांचे दार केले आणि उंची तीच ठेवली तर दार बसके दिसेल. उंची प्रमाणात ८ फूट नेली तर गणेशपट्टी (चौकटीच्या माथ्यावरची गणपती कोरलेली पट्टी), वरची तुळई (दारावरची आडवी शिळा) आणि शिखराचा तळ यांनाच हात लागेल.

भिंतीच्या जाडीबद्दलही विश्वस्त नेहमी विचारतात, एवढी जागा वाया का घालवली? देवळाचा आराखडा आखताना ६४ घरांचा वास्तुमंडल घेतात, आठ उभी आठ आडवी. मधली ४ घरे ब्रह्माची. रुंदीच्या निम्मा गाभारा म्हणजे ६४ पैकी मधली १६ घरे, आणि उरलेली ४८ भिंतीची. तीन हिस्से भिंत आणि एक हिस्सा पोकळी हे प्रमाण कोणी चुकून ठेवलेले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला डोंगर दिसावा आणि आत शिरणाऱ्याला त्या डोंगरातली गुहा लागावी, ही कल्पना आहे. वेरूळच्या कैलासात राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात ती खऱ्या डोंगरात कोरून दाखवली. तुमच्या देवळात तीच गोष्ट साडेचार फुटांच्या भिंती करतात.

रामटेकला गेलात तर गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे या दृष्टीने पुन्हा एकदा बघा. पाचव्या शतकातली आहेत. केवल नरसिंह मंदिरातल्या शिलालेखाचा संबंध प्रभावतीगुप्ताशी, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या मुलीशी लावला जातो. त्यांना उंच शिखर नाही, छत सपाट आहे. पुढे छोटा मंडप, मागे चौकोनी खोली, तिला एक दार, आणि खोली जवळजवळ व्यापून बसलेला नरसिंह. म्हणजे आज आपण देऊळ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर आणतो, ते उंच शिखर, दीपमाळ, महिरपींचा मंडप, ते पुढच्या शतकांत येत गेले. दार, अंधारी खोली आणि तिच्यातला देव एवढेच आधीपासून होते. भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५३ पर्यंत, नागपुरात जी देवळे झाली त्यांत मराठा पद्धतीचा लाकडी मंडप आला, केळफुलांच्या कोरीव तोड्या आल्या, विटा-चुन्याची शिखरे आली. पण गाभाऱ्याच्या रचनेत फरक झाला नाही. म्हणून मंडपाबाबत मी बराच सैल आहे आणि गाभाऱ्याबाबत नाही.

दाराची चौकट हाही अर्थाने भरलेला भाग आहे. वर ललाटावर गणपती, दोन्ही बाजूंना तीन, पाच, सात अशा विषम संख्येच्या शाखा, म्हणजे चौकटीच्या उभ्या कोरीव पट्ट्या, आणि जुन्या देवळांत खाली गंगा आणि यमुना. आत जाणारा पुजारी दोन नद्यांच्या मधून जातो. उंबरठ्याला कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखा उग्र चेहरा, त्याच्यापुढे जमिनीशी चंद्रशिला, म्हणजे अर्धगोल पायरी. दार ठेंगणे असल्यामुळे वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. पश्चिम भारतातल्या शिल्पग्रंथांत दाराच्या उंचीचे भाग पाडून कोणत्या देवतेची दृष्टी कोणत्या भागात यावी हेही ठरवून दिले आहे. दार, उंबरठा किंवा पुढची फरशी यांपैकी काहीही दोन-चार इंचांनी हलले तरी ती रेषा चुकते. ग्रॅनाइटच्या मुद्द्यावर हे पुन्हा येईल.

आता वजनाचा विचार. दारावरची आडवी शिळा, म्हणजे तुळई, वाकवणाऱ्या ताणाला कमजोर असते. दगड दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाही. तुळईवरचा हा ताण दाराच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अडीचचे ४ फूट केले की त्याच जाडीच्या शिळेवर अडीच पटीहून जास्त ताण येतो, आणि तोही डोक्यावर विटांचे शिखर असताना. जुनी शिळा लांब करता येत नाही, ती काढावी लागते, आणि नवी बसेपर्यंत शिखराचे ओझे कशावर तरी तोलून धरावे लागते. तुमच्या ठेकेदाराने ‘आरसीसी लिंटेल टाकून देतो’ असे सांगितले असेल. सिमेंट काँक्रीट ताठ असते आणि चुन्यातले बांधकाम मऊ. नागपूरच्या उन्हात दोन्ही एकसारखी हलत नाहीत. पूर्व विदर्भातल्या एका गावात असे दार रुंद केलेले जुने दगडी देऊळ मी नंतर पाहायला गेलो होतो. पंचशाखा चौकट अंगणात हापशीजवळ आडवी पडली होती, तिच्यावर बादल्या ठेवल्या जात होत्या. नव्या तुळईच्या दोन्ही टोकांपासून तिरक्या भेगा वर शिखराकडे गेल्या होत्या आणि पावसाचे पाणी त्यांतून थेट गाभाऱ्यात उतरत होते. गावकऱ्यांची भक्ती कमी नव्हती. दारापलीकडचे कोणी दाखवून दिले नव्हते एवढेच.

मग देव दिसायचा कसा? तुम्ही पाठवलेल्या फोटोकडे मी बराच वेळ पाहिले, आणि मला त्यात दाराची अडचण दिसली नाही. मला दिसले ते असे. गाभाऱ्याच्या दाराबाहेर अंतराळाच्या, म्हणजे गाभारा आणि मंडप यांमधल्या छोट्या जागेच्या, छताला पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन एलईडी दिवे. दाराभोवती अलीकडे बसवलेली चकचकीत कमान. मूर्तीच्या मागे चंदेरी पत्रा आणि त्याच्या वर ट्यूबलाइट. दारासमोर स्टीलचे कठडे आणि नेमकी मधोमध दानपेटी.

उन्हाळ्यात भर दुपारी महालच्या रस्त्यावर उजेड लाखभर लक्स (उजेड मोजायचे एकक) असतो. महिरपींच्या मंडपात तो काही शेंवर येतो, अंतराळात काही दहांवर, आणि गाभाऱ्यात समईचे चार-पाच लक्स पुरतात, पण एका अटीवर. डोळा त्याला सरावलेला हवा. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळा अंधाराला खरा सरावायला काही मिनिटे लागतात आणि पुरता सरावायला अर्धा तास. जुन्या देवळात माणूस चपला काढतो, पाय धुतो, घंटा वाजवतो, मंडपात दोन क्षण टेकतो, मग पुढे होतो. उजेड पायरीपायरीने कमी होत जातो आणि डोळा त्याच्याबरोबर उतरत जातो. तुमच्या देवळात ही उतरण ऐन अंतराळात तुटते. तिथे आधीच्या मंडपापेक्षा जास्त झगझगाट आहे. त्या दिव्यांनी बाहुली पुन्हा आकसते आणि पलीकडचा गाभारा होता त्यापेक्षा काळा वाटतो. मग कोणीतरी म्हणते आत ट्यूब लावा. ती लावली मूर्तीच्या मागे, चंदेरी पत्र्यावर. काळा पाषाण अंगावर पडलेल्या प्रकाशातला फार थोडा परत पाठवतो. मागे लखलखीत पत्रा असला की पुढच्या काळ्या मूर्तीची फक्त बाह्यरेषा दिसते. नाक, डोळे, हातातली आयुधे काही उमटत नाही. देव दिसत नाही ही तक्रार खरी आहे. पण मंडपाचा आणि अंतराळाचा उजेड वाढत गेल्याने ती उभी राहिली.

एक प्रयोग करा, त्याला पैसा लागत नाही आणि परवानगी पुजाऱ्यांची पुरते. एखाद्या संध्याकाळी आरतीनंतर अंतराळातले दोन्ही दिवे आणि गाभाऱ्यातली ट्यूब बंद करा. चंदेरी पत्र्यावर गडद रंगाचा शालू सोडा. मूर्तीच्या पुढे, दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर दोन समया ठेवा. मंडपातले दिवे निम्मे करा. विश्वस्तांना मंडपाच्या मागच्या खांबाशी बसवा आणि पाच-सात मिनिटे कोणी मोबाइल काढू नये एवढे सांगा. मग त्यांना विचारा काय दिसते. बाजूने तिरका आलेला प्रकाश कोरीव कामाच्या कडा उठवतो. काळ्या पाषाणाला तो फार मानवतो. मी हे ज्या ज्या ठिकाणी करून दाखवले तिथे दार मोठे करण्याचा विषय सहसा तिथेच थांबला. रोज समया शक्य नसतील तर चौकटीच्या आतल्या बाजूला, भाविकांना दिसणार नाहीत असे, २७०० केल्विनच्या आसपासचे मंद पिवळसर दिवे बसवता येतात. वायर भिंतीत खोबणी पाडून न्यायची नाही. दगडाच्या सांध्यातून, काढता येईल अशी न्यायची.

दुसरा भाग गर्दीचा. दार रुंद केल्याने मागच्याला दिसेल हा समज भूमितीत टिकत नाही. समजा चौकटीपासून मूर्ती ८ फूट आत आहे आणि माणूस चौकटीपासून १६ फूट मागे आहे. अडीच फुटांच्या दारातून त्या अंतरावर साडेसात फूट रुंद पट्ट्यात बसलेल्या सगळ्यांना मूर्तीचा मध्य दिसतो. दार ४ फुटांचे केले तर पट्टा १२ फुटांचा होतो. म्हणजे वाढतात ते कडेचे लोक. मागच्याच्या आड पुढच्याची डोकी येतात, आणि ती दार कितीही मोठे केले तरी तिथेच राहणार. त्यावर उपाय सोपा आहे: दानपेटी आणि कठडे बाजूला घ्या, पुढच्या रांगा बसवा, मागच्या उभ्या ठेवा, आणि दारासमोरचा मधला पट्टा एकादशीला मोकळा राहील अशी दोरी बांधा. वृद्धांसाठी आणि व्हीलचेअरसाठी मंडपाच्या बाजूने लाकडी किंवा लोखंडी, सुटा काढता येणारा उतार अवश्य करा. त्याने कुठलाच अर्थ बिघडत नाही.

रुंद करायचेच असेल तर मंडपाकडे पाहा. फोटोत उत्तरेच्या तीन महिरपी विटांनी बुजवलेल्या दिसतात आणि त्यांच्यापुढे कपाटे आहेत. त्या मूळच्या उघड्या असाव्यात; आजूबाजूच्या खांबांशी त्या विटांचे बांधकाम जुळत नाही. त्या मोकळ्या केल्या तर वारा येईल आणि गर्दीत बाहेर पडायला वाट मिळेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हे दारापेक्षा कितीतरी निकडीचे वाटते. आधी एक बुजवलेली महिरप सावकाश उघडून बघा, कारण कधी कधी मागच्या काळात एखादा खांब खचल्यामुळेच ती भिंत घातलेली असते. तसे असेल तर आधी खांबाचा बंदोबस्त.

पश्चिमेच्या दोषाबद्दल थोडक्यात. घराच्या वास्तूचे नियम देवळाला जसेच्या तसे लागत नाहीत. पूर्वाभिमुख देवळे जास्त आहेत, पण अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि कोल्हापूरची अंबाबाईही. कोल्हापूरला नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणे महाद्वारातून आत येत देवीपर्यंत पोचतात, तो किरणोत्सव पाहायला लोक लांबून येतात. तुमच्याही देवळात वर्षातल्या काही संध्याकाळी ऊन कुठवर येते हे जुन्या पुजाऱ्यांना विचारा आणि स्वतः पाहा. तसे येत असेल तर मंडपापुढे पत्र्याची कायमची शेड घालू नका. उन्हाळ्यापुरता कापडी मांडव घाला आणि पावसाळ्याआधी काढा.

ग्रॅनाइट मी घालू देणार नाही. नागपूरची जमीन पावसाळ्यात भरपूर ओल धरते. जुन्या फरशीच्या चुन्याच्या सांध्यांतून ती ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंटवर ग्रॅनाइट बसवले की वाट बंद होते, आणि मग ओल भिंतीत व लाकडी खांबांच्या बुंध्यात चढते. पाच-सहा वर्षांनी खांब तळाशी कुजलेले सापडतात. शिवाय फरशीची पातळी दोन-तीन इंच वर आली की उंबरठा बुडतो, दृष्टीची रेषा चुकते आणि अभिषेकाच्या पाण्याचा उतार उलटतो. आत्ता जी शहाबादी आहे ती नंतरची असावी. तिची एक फरशी काढून खाली काय आहे ते बघा; कामठीकडच्या वालुकाश्माच्या लाद्या किंवा चुन्याचा कोबा निघण्याची शक्यता बरीच आहे. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात नंतर लावलेल्या फरश्या काढून मूळ दगडी रूप उघडे केले गेले. तो दाखला विश्वस्तांपुढे ठेवा, त्यांना तो पटेल.

शिखराच्या ऑइलपेंटचेही तसेच. मे महिन्यात सुती सदरा काढून रेनकोट घालावा तसे ते आहे. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. ऑइलपेंटने ती आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. शिखराला चुन्याचीच सफेदी द्या, हवा असल्यास मातीच्या रंगात. भेगा भरायला चुना, वाळू, सुरखी (विटांची भुकटी). त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची आपल्याकडची रीत आहे आणि जाणता गवंडी ती सांगेल. सिमेंट अजिबात नको. हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. चुना सावकाश आवळतो, त्याला ओले ठेवावे लागते, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर केलेला गिलावा तडकतो. पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंध्याशी कापा, मुळे जागेवर मारा, मग पोकळी भरा. दगडावरचा जुना रंग काढायला कोणी सँडब्लास्टिंग सुचवले तर साफ नाही म्हणा. वालुकाश्माचा वरचा कठीण थर त्यात जातो आणि परत येत नाही.

एसीही नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड झालेल्या दगडावर पाणी सुटते, त्यावर समईची काजळी बसते, आणि मूर्तीवर तेलकट काळा थर चढतो. गाभाऱ्यात गुदमरते कारण बहुधा एखादे जुने गवाक्ष कोणीतरी बुजवले आहे. ते शोधा. मंडपातले डेझर्ट कूलर तर नागपुरात कोणी सोडणार नाही, मीही सोडा म्हणत नाही. फक्त त्यांचा झोत लाकडी खांबांवर आणि गाभाऱ्याच्या दाराकडे नको.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. दाराची चौकट मूळची आहे की मागे कधी बदललेली? तुळईला आधीच तडा आहे का? देऊळ नागपूरच्या वारसा यादीत आहे का? असेल तर वारसा संवर्धन समितीची संमती लागेल. जवळ केंद्रसंरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी, असा नियम आहे. देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असणारच. खर्चाचा ठराव आणि कामाची जुनी-नवी छायाचित्रे व्यवस्थित दप्तरी ठेवा. दिव्यांच्या किंवा गिलाव्याच्या कामाला धार्मिक विधीची गरज पडू नये, पण मूर्ती हलवावी लागली किंवा गाभाऱ्याच्या आत काम निघाले तर कलाकर्षण करून देवतत्त्व कलशात घेण्याची परंपरा आहे. त्याचा निर्णय तुमच्या देवळाचे पुरोहितच देतील, वास्तुविशारदाने त्यात बोलू नये.

बैठकीआधी मला हवे आहे ते एवढेच: अंतराळाच्या छताचा आणि तुळईच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो, बुजवलेल्या महिरपींचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि दाराची मापे. दाराची रुंदी दोन ठिकाणी घ्या, एकदा उंबरठ्याशी आणि एकदा गणेशपट्टीच्या खाली, आणि दोन्ही कर्णही मोजा. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर चौकट झुकलेली असू शकते. मग बाकी सगळे बाजूला ठेवून आधी दाराला लाकडी टेकू द्यावा लागेल, आणि त्यासाठी मी स्वतः येऊन बघेन.